एक तारखेची सकाळ

३१ तारखेला माझा सेंड-ऑफ झाला. शाल, श्रीफळ, गणपतीची छोटी मूर्ती आणि खात्यातल्या सगळ्यांबरोबर एक फोटो. कंपनीच्या गाडीने घराच्या दारापर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी, एक तारखेला, साडेपाचला नेहमीसारखी जाग आली. आंघोळ झाली, चहा झाला आणि सात वाजून वीस मिनिटांनी मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आमच्या गॅलरीतून नाशिकच्या सिडकोतला त्रिमूर्ती चौक दिसतो. कंपनीची बस वेळेवर आली. चौघं चढले. माझ्या खिडकीच्या जागेवर कोण बसलं ते वरून दिसलं नाही. बस वळली तेव्हा फार हलकं वाटलं, आणि त्याच मिनिटाला घशात काहीतरी अडकलं.

दोन्ही खरं होतं. तेहतीस वर्षं मी सातपूरच्या एका कारखान्यात कार्मिक विभागात काम केलं. दोनशेहून जास्त माणसांचे निरोपसमारंभ मी स्वतः आखले, त्यांचे फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे कागद भरले, त्यांच्याविषयी चार शब्द बोललो. प्रत्येकाला मी म्हणत असे, "आता मजा करा." त्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू आणि गोंधळ एकदमच असायचा. हसू मला दिसायचं, गोंधळ दिसायचा नाही. तो काय असतो ते मला गॅलरीत कळलं. म्हणून हा लेख. ज्यांच्या निवृत्तीला वर्ष-सहा महिने उरलेत, किंवा जे नुकतेच घरी आलेत, त्यांच्यासाठी.

नाशिकमध्ये अशी माणसं पुष्कळ आहेत. नाशिकरोडची नोटांची प्रेस १९२८ पासून चालू आहे, ओझरचा विमानांचा कारखाना १९६४ पासून. एकलहऱ्याचं वीज केंद्र, देवळालीचा तोफखाना, सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत, जिल्हा परिषदेच्या शाळा, बँका. ऐंशी आणि नव्वदच्या दशकात आसपासच्या तालुक्यांतून येऊन इथे चिकटलेली एक अख्खी पिढी आता घरी बसते आहे. गावाकडची शेती सोडून शहरात आलेल्यांची ही बहुधा पहिली निवृत्ती. त्यांच्या वडिलांना निवृत्ती माहीत नव्हती. शेतकरी निवृत्त होत नाही, हळूहळू बांधावर बसायला लागतो. त्यामुळे हे कसं करायचं ते घरातल्या मोठ्यांकडे पाहून शिकण्याची सोय आपल्याला नाही.

पहिली गोष्ट मी सांगेन ती ही, की आनंद आणि हुरहूर एकत्र आली म्हणून घाबरू नका, आणि दोन्हींपैकी एक खरी कोणती ते शोधत बसू नका. हुरहूर कशाची वाटते ते मात्र नीट पाहा. निवृत्तीच्या तीन महिने आधी एक वही घ्या आणि रोज संध्याकाळी एकच ओळ लिहा: आज कामावरची कोणती गोष्ट गेली तर चुकल्यासारखं वाटेल? पगार लिहू नका, तो सगळ्यांनाच चुकतो. बारीक गोष्टी लिहा.

आमच्याकडे मेंटेनन्समध्ये एक फिटर होते. ते म्हणायचे, मशीनचं तोंडसुद्धा पुन्हा पाहणार नाही. घरी गेल्यावर महिनाभराने भेटले तर चेहरा उतरलेला. बोलता बोलता म्हणाले, "साहेब, रात्री दोनला फोन यायचा ना, लाइन बंद पडली म्हणून, तेव्हा शिव्या द्यायचो. आता रात्री फोन उशाशी घेऊन झोपतो आणि वाजत नाही." त्यांना मशीन नको होतं. अडलेलं काम माझ्यावाचून सुटत नाही, हे कोणीतरी म्हणायला हवं होतं. हे आधी कळलं असतं तर त्यांचा तो महिना वाचला असता. पुढे ते शेजारच्या दोन लहान वर्कशॉपमध्ये गरज पडेल तेव्हा जाऊ लागले. पैसे थोडेच मिळतात, पण फोन वाजतो.

प्रत्येकाचं चुकणं वेगळं असतं. कुणाला कँटीनमधली दुपारची वीस मिनिटं लागतात, कुणाला घराबाहेर पडायचं कारण, कुणाला तरुण पोरांचं "सर, जरा बघता का?" आणि कुणाला काहीच लागत नाही; त्याला खरोखर झोप हवी असते, आणि तेही ठीक आहे. वहीत तीन महिन्यांच्या ओळी झाल्या की त्यातली एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा आलेली दिसते. पुढे काय करायचं याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. छंदांच्या यादीत ते सापडत नाही.

आता आपल्याच गावच्या एका माणसाची गोष्ट सांगतो. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढून त्यांनी या देशात चित्रपट उभा केला आणि १९१८ मध्ये नाशिकला भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. त्याच्या पुढचं सहसा कोणी सांगत नाही. भागीदारांशी बिनसलं आणि वयाच्या पन्नाशीच्या सुमाराला दादासाहेबांनी चित्रपटातून निवृत्ती जाहीर केली. बायकामुलांना घेऊन ते काशीला गेले. 'संदेश'चे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांनी परत या म्हणून पत्र लिहिलं, तर दादासाहेबांचं उत्तर असं, की चित्रपटाच्या जगापुरते आपण मेलेलो आहोत. कोल्हटकरांनी तो पत्रव्यवहार छापला आणि लोकांची पत्रंच पत्रं आली. काशीत दादासाहेब स्वस्थ बसले होते का? त्यांनी 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. आणि मग काही काळाने ते नाशिकला, त्याच कंपनीत, परत आले. त्यांचा 'गंगावतरण' हा बोलपट १९३७ चा, म्हणजे तेव्हा त्यांचं वय सदुसष्ट.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या स्मारकात आपण मुलांना घेऊन जातो. मला तिथे गेलं की आता काशीचं ते पर्व आठवतं. त्यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. रागावून घेतलेली निवृत्ती ही कामापासून घेतलेली नसते. माणसांपासून, वागणुकीपासून घेतलेली असते. काम आत तसंच जिवंत राहतं. शेवटच्या वर्षात नव्या साहेबाने अपमान केला, बढती हुकली, खातं बदललं, म्हणून "पुन्हा या धंद्याचं नाव काढणार नाही" असं म्हणणारे मी खूप पाहिले. त्यांनी सहा महिने थांबून पाहावं. राग विझतो, हातातलं कसब विझत नाही. दुसरी गोष्ट, पन्नाशीतला माणूससुद्धा काशीला जाऊन आधी वेगळंच काहीतरी करून पाहतो आणि मग परत येतो. परत येण्यात कमीपणा नाही. मात्र परत यायचं तर दार उघडं ठेवून जावं लागतं. निरोपाच्या भाषणात हिशेब चुकते करू नका.

यावरून माझा एक पक्का नियम झाला आहे: पहिल्या वर्षात मागे फिरवता येणार नाही असं काहीही करू नका. घर विकू नका, मुलांच्या नावावर करू नका, गावी कायमचं जाऊ नका, मोठी रक्कम धंद्यात घालू नका. करून पाहण्यासारखं सगळं करून पाहा. भाड्याने, उसनं, महिनाभर, एका हंगामापुरतं.

द्राक्षबागेचंच बघा. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे वाटणीची दोन-तीन एकर जमीन असलेल्या जवळजवळ प्रत्येक निवृत्ताच्या मनात बाग असते. फंडाचे पैसे आले की मंडप, वेली, ड्रिप, असा हिशेब सेंड-ऑफच्या आधीच झालेला असतो. माझं सांगणं एवढंच आहे, की आधी एक हंगाम दुसऱ्याच्या बागेत काढा. एप्रिलच्या खरड छाटणीपासून सुरुवात करा, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला हजर राहा, फवारण्यांच्या वेळा पाहा, पहाटेच्या थंडीत बागेत शेकोट्या करणाऱ्यांबरोबर जागा, माल तयार होत असताना आभाळ भरून आलं की शेतकऱ्याच्या पोटात काय होतं ते बघा. मग ठरवा. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त क्लार्कनी असं एक वर्ष चुलत भावाच्या बागेत काढलं आणि बाग लावायचा विचार सोडला. पण भावाचे औषधांचे आणि मजुरीचे हिशेब आजही तेच ठेवतात, आठवड्यातून दोनदा एसटीने जातात आणि खूश आहेत. त्यांना शेती नको होती, शेताची हवा हवी होती.

पुण्याला किंवा परदेशात मुलांकडे जाण्याचंही तसंच. नातवंडांसाठी जा, जरूर जा, पण परतीचं तिकीट काढून जा. किती महिने ते आधीच बोला. इथला फ्लॅट बंद ठेवायला लागला तरी पहिलं वर्षभर विकू नका. पासष्टीला नवीन शहरात ओळखीचा भाजीवाला मिळायलासुद्धा वेळ लागतो.

आता पैशांकडे. ही माझी रोजची भाकरी होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कारखान्यातला माणूस शेवटच्या दिवशी जे विचारतो ते त्याने वर्षभर आधी विचारायला हवं.

सगळ्यात आधी नाव. आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि फंडाचा रेकॉर्ड या चारही ठिकाणी तुमचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते आजच बघा. शाळेच्या दाखल्यावर 'निवृत्ती', फंडात 'निवृत्तीनाथ' आणि आधारवर स्पेलिंग तिसरंच, असे कागद मी कितीतरी हाताळले. आपल्या जिल्ह्यात हे नाव घरोघर. फंडातल्या दुरुस्तीसाठी बहुतेकदा कंपनीची सही लागते आणि ती सही तुम्ही नोकरीत असताना दहा मिनिटांत मिळते. नंतर त्याच सहीसाठी गेटवर पास काढून बसावं लागतं. वारसाचं नावही तपासा. लग्नाआधी लावलेलं आईचं नाव तसंच राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला २६ ने भागा, १५ ने गुणा, आणि जितकी वर्षं नोकरी तितक्याने गुणा. मूळ आणि महागाई मिळून ५२,००० असतील आणि नोकरी ३० वर्षं, तर ९ लाख. कायद्याची कमाल मर्यादा २० लाख. हा आकडा स्वतः काढून ठेवा, म्हणजे हातात आलेल्या कागदावरचा आकडा बरोबर आहे की नाही ते कळेल.

फंडाच्या पेन्शनविषयी बहुतेकांचा गैरसमज असतो. ही पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते, मग कंपनीतलं निवृत्तीचं वय ६० का असेना. ती पुढे ढकलता येते. ६० पर्यंत थांबलात तर दर वर्षाला ४ टक्के वाढीव मिळते. पण मूळ रक्कमच लहान असते. पेन्शनचा पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, त्याला वर्षांनी गुणून ७० ने भागतात. म्हणजे ज्यांनी जादा पगारावरचा पर्याय घेतला नाही, त्यांना तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतरही जास्तीत जास्त साडेसात हजारांच्या आसपास मिळतात. आमच्या एका ऑपरेटरला वाटत होतं, पगाराच्या निम्मे येतील. सेंड-ऑफच्या आदल्या दिवशी त्यांना खरा आकडा सांगताना मला जड गेलं. तुमच्यावर ती वेळ येऊ देऊ नका. राज्य सरकारच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना जुनी पेन्शन आहे, आणि त्यांच्यापुढचा प्रश्न पेन्शनचा किती भाग विकायचा हा असतो. तो भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो, हे लक्षात घेऊन ठरवा.

एकरकमी पैसे हातात आले की फोन सुरू होतात. भाचा, मेहुणा, बँकेतला ओळखीचा, महिन्याला अमुक टक्के देणारा कोणीतरी. मी सगळ्यांना एकच वाक्य पाठ करायला सांगायचो: "सहा महिने कुठेच टाकायचे नाहीत असं घरी ठरलंय." 'घरी ठरलंय' म्हटलं की समोरचा थांबतो. तोवर पैसे बँकेत साध्या ठेवीत राहू द्या, फक्त एक अपवाद सोडून. पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. साठीनंतर कुणालाही खातं काढता येतं. पंचावन्न ते साठच्या दरम्यान निवृत्त झालात तर निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत काढावं लागतं. एप्रिल २०२३ मध्ये तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाखांवर गेली आणि व्याज ८.२ टक्के झालं. या दराने १० लाखांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये येतात. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, पण खातं काढतानाचा दर तुम्हाला पाच वर्षं मिळतो. घरखर्चाचा पाया यावर ठेवा. बाकीच्या पैशांचं पुढे निवांत ठरवा.

दवाखान्याचं मात्र निवृत्तीच्या आधीच उरकायला हवं. कंपनीचा मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता संपतो. नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून वर्षभर आधीच घ्या, किंवा त्याच कंपनीकडे गटातून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते लेखी विचारा. ज्यांचं ईएसआय होतं, त्यांनी ते सुटलं असं समजू नये. किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांसाठी उपचार चालू ठेवता येतात. सातपूरच्या दवाखान्यात चौकशी करा. आणि सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांचं, सासूसासऱ्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर काढा. ५ लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही.

घराविषयी लिहिताना हात थोडा थांबतो. कुसुमाग्रजांनी 'नटसम्राट' याच नाशिकमध्ये राहून लिहिलं आणि १९७० मध्ये ते रंगभूमीवर आलं. निवृत्त झालेला नट होतं नव्हतं ते मुलांच्या हवाली करतो आणि मग त्याचं काय होतं, हे माहीत नसलेला मराठी माणूस नसेल. नाटक पाहताना रडलेल्या माणसांनीच घर मुलांच्या नावावर करण्यासाठी माझ्याकडे रजेचे अर्ज दिले. कारण मुलगा वाईट असतो असं नाही. कारण आपल्याला वाटतं, आता आपलं झालं. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीस द्यायला मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, त्यामुळे हे फार सहज होऊन जातं. त्यापेक्षा मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात, आणि ते हवं तेव्हा बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर आईवडिलांचा सांभाळ करण्याची अट त्यातच स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ती अट मोडली तर व्यवहार रद्द करून मागता येतो; अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. अट लिहायला मुलाचा संकोच करू नका. प्रेम असलेल्या मुलाला त्या ओळीचं काही वाटत नाही.

पैशाइतकंच घरातल्या माणसांशी बोलणं महत्त्वाचं, आणि तिथे मी स्वतः चुकलो. पहिल्या आठवड्यात सकाळी दहाला मी हिला दुसरा चहा मागितला, अकराला डाळ कशी करतेस ते विचारलं आणि बाराला फ्रीज नीट लावायला घेतला. चौथ्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुमची ड्यूटी संपली, माझी नाही संपली. आणि माझ्या खात्यात मला साहेब नकोय." मला वाईट वाटलं, पण ती बरोबर होती. तेहतीस वर्षं तो दिवस तिचा होता. तिची भिशी, तिचं दुपारचं वाचन, तिची झोप, शेजारच्या वहिनींशी गप्पा, या सगळ्यात मी न विचारता शिरलो होतो. मग आम्ही बसून ठरवलं. सकाळचा चहा आणि भाजी माझी. दहा ते एक मी घराबाहेर. दुपारी दोघांना आपापलं. निवृत्त होणाऱ्या पुरुषांना मी आता सांगतो, सेंड-ऑफच्या आधी एका रविवारी बायकोला विचारा, "एक तारखेपासून तुझा दिवस कसा असावा असं तुला वाटतं?" तुमचा दिवस त्यानंतर ठरवा.

ज्या बायका स्वतः नोकरीतून निवृत्त होतात, त्यांच्याविषयी हा विचार फार कमी होतो. आमच्या ओळखीच्या एक शिक्षिका निवृत्त झाल्या, आणि एक तारखेपासून घरातल्या सगळ्यांनी आपापलं काम त्यांच्याकडे सरकवलं: नातवाची शाळा, सासूबाईंचं औषध, पाहुणे, गॅसचा सिलिंडर. "आता तू घरीच असतेस ना." त्या मला म्हणाल्या, शाळेत निदान मधली सुट्टी होती. बायांनो, तुम्ही तुमचे तास पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. नंतर ते मागून मिळत नाहीत.

मग काय करायचं? दहा ते एक बाहेर म्हणजे कुठे? इथे नाशिककर सुदैवी आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. सभासद व्हा आणि सुरुवातीला नुसतं जाऊन बसा. गंगापूर धरणाकडे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ साली स्थापन झालेलं, ज्यांचं शिक्षण नोकरीमुळे अर्धवट राहिलं त्यांच्यासाठीच. बारावी नापास म्हणून आयुष्यभर दबून राहिलेल्या माणसाने साठीत पदवी घेतली तर तिचा नोकरीला उपयोग नाही, पण नातवासमोर बसून परीक्षेचा अभ्यास करण्यात जे आहे ते मी पाहिलंय. थंडीत नांदूर मध्यमेश्वरला पक्षी येतात. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली राज्यातली ती पहिली जागा. एक दुर्बीण घ्या आणि जाणकार माणसाबरोबर चार पहाटा घालवा. काहीजण निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जातात. इतकी वर्षं रजा मिळत नव्हती, आता रजा मागायची नाही. ते सांगतात, चालताना डोकं आपोआप ठिकाणावर येतं.

यातलं काहीही निवडा, पण सहा आठवड्यांसाठी निवडा. सहा आठवडे नेमाने करा आणि मग स्वतःला विचारा, आदल्या रात्री उद्याची वाट पाहिली का? नाही म्हणालात तर सोडा, अपराधी वाटून घेऊ नका. सोसायटीचं सेक्रेटरीपद मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका. "काका आता मोकळेच आहेत" असं म्हणून ते गळ्यात पडतं, आणि कार्यालयातले रुसवेफुगवे पगाराशिवाय घरी येतात. जुन्या कंपनीने सल्लागार म्हणून बोलावलं तर आठवड्याचे दिवस, तास आणि मानधन लिहून घ्या. "येत जा अधूनमधून" या बोलावण्यावर अवलंबून राहू नका. एक माणूस त्या वाक्यावर आठ महिने फोनजवळ बसलेला मला माहीत आहे.

आणि एक गंभीर गोष्ट. महिना उलटून गेला तरी झोप लागत नाही, जेवण जात नाही, पहाटे छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, कशात मन लागत नाही, असं असेल तर ते मनाचं दुबळेपण समजू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांना नुसतं ॲसिडिटी आहे म्हणून सांगू नका, निवृत्त झालोय हेही सांगा. दुपारी गोदेच्या काठावर एकट्याने तासन् तास बसून राहणारे किती निवृत्त पुरुष मी पाहिलेत. घरी त्यांनी सांगितलेलं असतं, फिरायला गेलो होतो.

माझं काय झालं, तर मी वहीतल्या ओळी पाहिल्या. माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलं होतं ते लोकांचे कागद भरून देणं. मला ते काम कंटाळवाणं वाटायचं असं मी समजत होतो. आता मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या कॉलनीच्या सभागृहात सकाळी दोन तास बसतो. फंड, पेन्शन, नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला, आधारवरचं नाव, जे असेल ते. फी नाही. कधी चारजण येतात, कधी कोणीच नाही. बसची वेळ झाली की अजूनही मी गॅलरीत जातो, पण आता चहाचा कप घेऊन, आणि बस गेली की आत येतो.

नोकरीत असलेल्या वाचकांना एक विनंती. महिनाअखेरीला तुमच्या खात्यातलं कोणीतरी जाणार असेल. तुम्ही वर्गणी द्याल, टाळ्या वाजवाल, फोटोत उभे राहाल. तेवढ्यावर थांबू नका. पुढच्या महिन्याच्या आठ-दहा तारखेला, दुपारी तीनच्या सुमारास, त्याला फोन करा. ख्यालीखुशाली विचारा आणि मग ज्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्या कामातली एखादी खरी अडचण त्याला विचारा.